छर्ऱ्यांची शर्यत, रिसालीच्या अंगणात

भिलाईहून परत आल्यापासून कोल्हापुरात मला एकच प्रश्न विचारला जातो, "तिकडं पाहण्यासारखं काय आहे हो?" विचारणाऱ्याचा चेहरा असा, की मी चुकूनच तिकीट काढलं असावं. मी म्हणते, "मी एक शर्यत पाहिली. लोखंडी छर्ऱ्यांची. माझ्या भाचीची नोकरी तिच्यावर पणाला लागली होती." मग समोरचा खुर्ची ओढून बसतो आणि मला हवं तेच होतं. माझी सबंध नोकरी शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली, ऐकणारा बसला की मला चेव चढतो.

गोष्ट अशी. आम्ही बहिणी मूळच्या भंडाऱ्याच्या. थोरली शकुताई लग्न होऊन भिलाईला गेली, मी कोल्हापूरला आले. ताईचे यजमान किसनभाऊजी तिथल्या पोलादाच्या कारखान्यात, रेल्वेचे रूळ बनतात त्या खात्यात, आयुष्यभर राबून निवृत्त झाले. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आणि भाऊजींनी साफ नाही म्हटलं. शनिवारपर्यंत तिनं हो की नाही ते कळवायचं होतं. सोमवारी सकाळी ताईचा फोन आला.

"सुनंदा, तू येऊन जाय बापा. हे कोनाचंच आयकून नाही राहिले. पोरगी जेवून नाही राहिली."

मी त्याच दिवशी गोंदियाच्या गाडीत बसले. त्या प्रवासाचं वर्णन करत नाही, गाडीत बसून कंटाळायला सगळ्यांनाच येतं. गोंदियाला गाडी बदलून दुर्गला उतरले तेव्हा माझ्या मनात एकच होतं. मुलीला हैदराबादला धाडल्याशिवाय मी कोल्हापूर बघणार नव्हते.

रिसाली

याआधी मी आले होते तेव्हा ताई कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहायची. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, आणि घड्याळ बघायची गरज नाही, कारण पाळीचा भोंगा होतो. आता त्यांनी भिलाईतच, रिसालीला, स्वतःचं घर बांधलंय. घरापुढे लांबलचक अंगण, एक पेरू, आणि फाटक. ते फाटक इतकं दणकट, की बैलगाडी धडकली तर गाडीच मोडेल. पोलादाच्या कारखान्यातला माणूस फाटकात काटकसर करत नाही.

ताईनं चीला केला होता. तांदळाच्या पिठाचा, टोमॅटोच्या ठेच्याबरोबर. आपल्याकडच्या घावनाचा हा भाऊच, पण इकडे पिठात शिळा भातही कालवतात, त्यानं तो आतून मऊ राहतो. शेजारी तिवऱ्याची भाजी. ही तिवऱ्याची पालेभाजी आमच्याकडे कुणी खात नाही, आणि आमच्याकडच्यांना आपण कशाला मुकतोय हेही ठाऊक नाही. मी चौथा चीला मागितला तेव्हा भाऊजी अंगणातून आत आले.

"या मास्तरीनबाई. पाहुनी म्हनून आल्या का वकील म्हनून?"

"आधी खाऊ द्या. मग ठरवते."

"वकीलच हाये मंग," असं म्हणून ते समोर बसले आणि डाव्या हातानं पेला पुढे सारला. त्या हाताला दोन बोटं कमी आहेत.

त्या बोटांची हकीकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. कारखान्यात लागण्याआधी, अगदी पोरवयात, भाऊजी एका लहानशा वर्कशॉपात होते. आधीच्या पाळीचा माणूस त्यांच्या हाती मशीन देऊन "सब ठीक है" एवढंच म्हणाला आणि सायकलवर टांग मारून घरी गेला. सब ठीक नव्हतं. पुढे कारखान्यात भाऊजींच्या हाताखाली माणसं आली तेव्हा त्यांनी आपल्या टोळीला एक शिस्त लावली. पाळी बदलताना जाणाऱ्यानं मशीनची हालहवाल पूर्ण सांगायची. येणाऱ्यानं ती स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायची. मग जाणारा म्हणणार, "चार्ज दिया." येणारा म्हणणार, "चार्ज लिया." तोवर कुणी हलायचं नाही. टोळीतले लोक बस चुकली म्हणून कुरकुरायचे, पण करायचे. घरीही तेच. पल्लवीला स्कूटीची किल्ली मिळाली ती सगळं म्हणून दाखवल्यावर. ताई तर इन्व्हर्टरच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आहे.

"तिले तिथं जे मशीन चालवायचं हाये, त्याच्यात वीस हजार व्होल्ट हाये," भाऊजी मला म्हणाले. "वरून लेझर. माह्या पोरीनंच सांगतलं. पन ते मशीन करते काय, हे तिले मले समजावून देता नाही येत. जे समजावून देता येत नाही, त्याच्यापाशी मी तिले नाही पाठवत."

"तीन बार समझाया, मावशी," पल्लवी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. डोळे सुजलेले. "दर वेळी म्हनतेत, तू पुस्तक वाचून राहिली."

"वाचूनच राहिली होती न तू?"

"मी समजावते उद्या," मी म्हणाले.

"तुमी नाही. चार्ज तिले घ्यायचा हाये."

एवढं बोलून ते पेरूला पाणी घालायला गेले. मला राग आला. शिकलेल्या मुलीला बापानं असं अडवावं? पण सुजलेल्या डोळ्यांची ती मुलगीही वडिलांवर चिडत नव्हती, स्वतःवर चिडत होती. ते बघून मी राग गिळला आणि पदर खोचला.

सोफ्यावरचा उतार

बुधवारी दुपारी पल्लवीनं मला ते यंत्र सांगितलं. नाव लांबलचक आहे, टाइम-ऑफ-फ्लाइट मास स्पेक्ट्रोमीटर. काम मात्र सोपं, वजन करायचं. कशाचं? जंतूंच्या अंगातल्या प्रथिनांचं. ती इतकी बारीक, की कोणत्याही ताजव्यात मावणार नाहीत. म्हणून त्यांना तोलायचं नाही, पळवायचं. सगळ्यांना एकाच रेषेवरून सोडायचं आणि कोण किती वेळात पोचलं ते बघायचं. हलकं लवकर, जड उशिरा. वेळ कळली की वजन कळलं. प्रत्येक जातीच्या जंतूचा वजनांचा आपला एक नमुना असतो, तो ओळखीच्या नमुन्यांशी ताडला की जंतूचं नाव मिळतं. एरवी जंतू वाढवल्यावरही त्याची ओळख पटायला पुन्हा एखादा दिवस जातो. इथं काही मिनिटांत.

"एवढंच ना?" मी म्हणाले. "मग शर्यतच दाखवू."

भाऊजींच्या घरात जुन्या बेअरिंगमधले छर्रे डबाभर निघतात. आमच्या घरी गोट्या असायच्या तसे. मी बारीक, मध्यम आणि चांगला लिंबाएवढा असे तीन निवडले. खिडकीला लावतात तसली ॲल्युमिनियमची खाच असलेली पट्टी माळ्यावर होती. ती सोफ्याच्या हातावर टेकवून मी छान उतार केला आणि भाऊजींना हाक मारली. पल्लवीला बोलायचं होतं ते सगळं मी पढवून ठेवलं होतं.

तिनं तिन्ही छर्रे एकामागून एक वरून सोडले, आणि मी मोबाइलवर वेळ धरली. तिघांनाही तेवढाच वेळ लागला.

पुन्हा सोडले. पुन्हा तेच.

"सारखेच येऊन राहिले की," भाऊजी म्हणाले. "मंग जंतूचं वजन कसं समजन तुमाले?" आणि मिशीतल्या मिशीत हसत बाहेर गेले.

मी तिथंच खाली बसले. उतारावर हलकं आणि जड बरोबरच येतं हे मी जन्मभर पोरांना शिकवलं, न येणाऱ्यांना बाकावर उभं केलं. आणि रूळ बनवणाऱ्याच्या घरात, पट्टी हाती येताच, मीच उतार रचून मोकळी झाले! ताई तोंडाला पदर लावून हसत होती. पल्लवी मात्र हसत नव्हती. ती पट्टीकडे टक लावून बघत होती.

"मावशी, उतार सगळ्यायले वजनाप्रमाणं ओढते," ती हळूहळू म्हणाली. "जडाले जास्त, हलक्याले कमी. म्हनून हिसाब बराबर होऊन जाते. मशीनमंदी तसं नाही. तिथं जड असो का हलकं, धक्का सगळ्यायले एकसारखाच भेटते. मतलब, आपल्याले उतार नाही पायजे. स्प्रिंग पायजे."

हे वाक्य तिनं कुठल्याही पुस्तकातून वाचलेलं नव्हतं. मी तिला मिठी मारली.

खुर्सीपार

दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून खुर्सीपारला गेलो. रिसालीच्या नव्या बंगल्यांपुढे खुर्सीपार म्हणजे गजबज. घराला घर चिकटलेलं, दारात सायकली, पाळीवरून आलेली माणसं टपरीवर उभ्यानं चहा पिताहेत, आणि दर चार दुकानांमागे एक लोखंडी भंगाराचं. आमच्या कोल्हापुरात गूळ जसा ओळखतात तसं इथं लोखंड ओळखतात. दुकानदारानं मी मागितलेली स्प्रिंग बोटांनी दाबून पाहिली, परत ठेवली आणि दुसरी दिली.

"किस काम के लिए, मौसी?"

मी माझ्या हिंदीत सांगितलं की जंतूंची शर्यत लावायची आहे. त्यानं पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीनं मान डोलावली. त्यानं आणखी काही न विचारता स्प्रिंग बसेल असा नळीचा तुकडा शोधून दिला आणि लांब पट्ट्याही. परतताना मी मागे बसून त्या पट्ट्या आडव्या धरल्या होत्या. वाटेत एका भाजीवाल्याच्या फुलकोबीचा ढीग मी पट्टीनं साफ पाडला. भर रस्त्यात उतरून आम्ही दोघींनी फुलकोब्या गोळा केल्या आणि भाजीवाल्यानं त्यातल्या दोन मला विकल्याच.

अंगण

शुक्रवारी सकाळी अंगणात सपाट जमिनीवर पट्ट्या मांडल्या. आधी एकच, आखूड. पल्लवीनं नळीतली स्प्रिंग खुणेपर्यंत दाबायची, सोडायची, छर्रा पळणार. बारीक छर्रा सुटला की सुसाट, लिंबाएवढा मात्र रमतगमत.

भाऊजी खुर्ची टाकून बसले. "फरक हाये," ते म्हणाले. "पन मधला अन् बारका लगोलगच आले."

"म्हनून लंबी करायची, बाबा." तिनं दुसरी पट्टी जोडली, मग तिसरी. अंगण संपून पट्टी फाटकाशी टेकली. "जेवढा रस्ता लंबा, तेवढं अंतर फाकते. मशीनमंदी म्हनूनच लंबी नळी असते. त्या नळीत कोनी ढकलत नाही, कोनी अडवत नाही. सिरफ जायचं."

यावेळी मधला आणि बारका चांगलेच फाकले. भाऊजींनी पुन्हा करायला सांगितलं. तिनं पुन्हा केलं आणि मधला छर्रा अर्ध्यात थबकला. ताई पट्टीच्या कडेला बसून तांदूळ निवडत होती, तिच्या सुपातले दाणे खाचेत सांडले होते. मी ताईवर ओरडणार, तेवढ्यात पल्लवीच म्हणाली, "राहू द्या मावशी. बाबा, पाहा. हे दाने म्हनजे हवा. रस्त्यात हवा असली तर कन तिच्यावर आदळतेत, मंग टाइम खोटा होते. म्हनून मशीनमधली हवा पहिले पंपानं काढून टाकतेत."

भाऊजी वाकले आणि स्वतःच्या डाव्या हातानं एकेक दाणा वेचू लागले. त्या हाताला तीनच बोटं, तरी एकही दाणा राहिला नाही.

मग त्यांनी पोलिसासारखी चौकशी सुरू केली. दोन वेळा तोच छर्रा सोडला तर वेळ किंचित वेगळी का येते? पल्लवी म्हणाली, स्प्रिंग माझ्या हातून एकसारखी दाबली जात नाही. तिथंही थोडा फरक पडतोच, म्हणून लेझर एकदाच मारत नाहीत, शेकडो वेळा मारतात आणि सगळ्यांची बेरीज घेतात. वजन दिसतं कुणाला? शेवटी एक पडदा असतो, त्यावर कण आदळला की घड्याळाला कळतं. किती वेळ लागतो? डोळ्याची पापणी लवेपर्यंत हजारदा जाऊन येईल इतका कमी. आणि जंतू ठेवतात कशावर?

"एक पट्टी असते, बाबा. तिच्यावर ठिपका लावायचा, वरून एक आम्ल टाकायचं, वाळू द्यायचं. लेझर त्याच ठिपक्यावर पडते."

"पट्टी कायची?"

"स्टीलची."

भाऊजी खुर्चीत ताठ झाले. "कोनतं स्टील?"

"स्टेनलेस. चांगली घासून पॉलिश केलेली."

"हं," ते म्हणाले. त्या हुंकारात मला प्रथमच आशा दिसली. त्यांनी पायातल्या चपला नीट केल्या आणि उभे राहिले. पाळीवर उभे राहत असतील तसे. आता ते परत म्हणून दाखवणार होते.

"आयक. बिमार मानसाच्या नमुन्यातून जंतू वाढवतेत. त्याचा ठिपका स्टीलच्या पट्टीवर. वरून आम्ल, वाळू द्यायचं. पट्टी मशीनमंदी, दरवाजा बंद, हवा बाहेर, तांदूळ साफ. लेझर मारला का कन उडतेत, अन् उडतानी त्यायले वीज चिकटते. मंग वीस हजाराचा धक्का, सगळ्यायले सारखा. पुढं लंबी नळी. हलकं पहिले पोचते, जड मांगून. टाइमावरून वजन, वजनावरून जंतू, जंतूवरून दवाई. बराबर?"

"बराबर, बाबा."

ताईनं सूप बाजूला ठेवलं. मी मनातल्या मनात हैदराबादच्या गाडीत बसलेसुद्धा. आणि भाऊजींनी विचारलं, "बंद कसं होते?"

पल्लवी हातातल्या स्प्रिंगकडे बघू लागली.

"काई गडबड झाली, तर ते मशीन बंद कसं करशीन?"

मी तिच्या मागे उभी होते. "लाल बटण असतं म्हण," मी कुजबुजले. असतंच की कुठेतरी, प्रत्येक यंत्राला असतं.

"मास्तरीनबाई, पेपर फोडू नोका," भाऊजी तिच्यावरची नजर न हलवता म्हणाले.

पल्लवीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. "मले नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. "मी ते मशीन दुरूनच पाहिलं. हात नाही लावला कधी. गेल्यावर पहिले हेच विचारीन. समजल्याशिवाय हात नाही लावनार."

झालं, संपलं, असं मला वाटलं. इतकी मेहनत, दोन फुलकोब्या, आणि पोरीनं शेवटच्या पायरीवर खरं बोलून घालवलं! भाऊजी वळून घरात गेले. आम्ही तिघी त्या पट्टीशेजारी उभ्या होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आतून आवाज आला, "शकू, इची मोठी बॅग कुठं ठेवली तू?"

ताई धावत आत गेली आणि रडतच बाहेर आली. संध्याकाळी चहा पिताना मी भाऊजींना विचारलं, की ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही त्यावर पास कसं केलंत? माझ्या शाळेत असं चालत नाही.

"मास्तरीनबाई, त्या दिवशी त्या मानसानं 'मले माहीत नाही' एवढं जरी म्हटलं असतं न," ते डावा हात मांडीवर ठेवून म्हणाले, "तर मी मशीनले हात नसता लावला."

मी शिकवत असताना 'माहीत नाही' म्हणणाऱ्या पोरांना किती गुण दिले ते आठवायचा प्रयत्न केला आणि चहा प्यायले.

दुर्ग स्टेशन

शनिवारी पल्लवीनं होकार कळवला, सोमवारी रुजू व्हायचं ठरलं. लगेच ताईनं बॅग भरायला घेतली. तांदूळ, डाळ, ठेठरी-खुरमीचा तिकडचा फराळ, लोणच्याच्या बरण्या, आणि वर एक स्टीलची कढई, कारण हैदराबादला कढया मिळत नाहीत अशी तिची समजूत. गाडी यायच्या आधी फलाटावर भाऊजींनी ती बॅग उचलून पाहिली, खाली ठेवली आणि सरळ उघडली. कढई काढली, बरण्या काढल्या, तांदूळ काढला.

"अवो, राहू द्या न!" ताई म्हणाली.

"धक्का सगळ्यायले सारखाच भेटते," भाऊजी बॅगेची चेन लावत म्हणाले. "हलकी जाऊ दे तिले. लवकर पोचन."

काढलेलं सगळं माझ्या पिशव्यांत आलं. पुढे त्या ओझ्यासकट कोल्हापूरला उतरले तेव्हा हमालानं माझ्याकडे जे पाहिलं, ते सांगत नाही.

गाडी हलली. पल्लवी दारात उभी राहून हात हलवत होती. भाऊजींनी हात वर केला नाही, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. गाडी दिसेनाशी झाल्यावरही तसेच उभे होते. शेवटी ताईनं त्यांच्या दंडाला धरलं, तेव्हा वळले.

फोन

मी आणखी दोन दिवस राहिले. सोमवारी संध्याकाळी ताई चीला करत होती आणि फोन वाजला. भाऊजींनी तो ताटाशेजारी ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बाबा, पहिले तेच विचारलं," पल्लवीचा आवाज आला. "बंद कसं होते ते. सांगू?"

"सांग."

तिनं सांगितलं. मशीनचं झाकण उघडलं की लेझर आपोआप थांबतो. गडबड झाली तर मागच्या भिंतीवरचा मोठा खटका पाडायचा. रोजचं बंद करताना आधी व्होल्टेज उतरवायचं, मग पंप. आतल्या भागाला हात फक्त कंपनीच्या माणसानं लावायचा.

भाऊजींनी डोळे मिटून परत म्हणून दाखवलं. झाकण, खटका, पंप, मग व्होल्टेज.

"नाही बाबा. पहिले व्होल्टेज. मंग पंप."

त्यांची चूक काढणारं त्या घरात आजवर कुणी नव्हतं. भाऊजी थांबले आणि पहिल्यापासून पुन्हा म्हणाले, या वेळी अगदी बरोबर.

शिस्तीप्रमाणे आता 'दिया' पल्लवीनं म्हणायचं होतं, कारण समजावून देणारी ती होती. पण तिच्याआधी भाऊजींनीच घसा साफ केला आणि फोनवर वाकून म्हणाले, "चार्ज दिया."

तव्यावरचा चीला करपत होता, ताई हललीच नाही.

"चार्ज लिया, बाबा," पल्लवी म्हणाली.